चौदा की पंधरा

डंडीत डिसेंबरात चारलाच अंधारते.
खिडकीखाली टे नदी, शिशाच्या रंगाची,
आणि इशबेल किनेअर टेबलावर
दोन याद्या शेजारीशेजारी ठेवून बसलेली.

पहिली, सुया बदलून देणाऱ्या केंद्राची: दोनशे बारा.
दुसरी, इस्पितळाच्या अपघात विभागाची: एकशे ऐंशी.
नावे नाहीत. नुसती आद्याक्षरे, जन्मतारीख,
स्त्री की पुरुष.
दोन्हीकडे सापडलेले चाळीस.

रीत जुनी आहे, मासे मोजायची.
जाळे टाका, खूण करा, सोडून द्या.
पुन्हा जाळे टाका.
खुणेचे जितके कमी हाती लागतील
तितके तळे मोठे.

शितावरून भात कळतो, हे खरे;
पण इथे झाकणच निघत नाही,
आणि शिते म्हणतात, आम्ही या भातातली नव्हेच.

गुणाकार, भागाकार: नऊशे चौपन्न.
त्यातले दिसलेले तीनशे बावन्न.
उरलेले सहाशे दोन
कुठल्याच दाराशी आलेले नाहीत.
आज सकाळी बसमध्ये
त्यांच्यातल्याच कुणी तिला जागा दिली असेल.

चाळिसावी जोडी मात्र अडते.
आर. एम., पुरुष, चौदा मार्च.
आर. एम., पुरुष, पंधरा मार्च.
साल एकच.
माणूस एक की दोन?

दोन मानले, तर जुळणारे एकोणचाळीस
आणि आकडा नऊशे अठ्ठ्याहत्तर.
म्हणजे एका तारखेच्या घसरण्याने
चोवीस माणसे जन्माला येतात,
किंवा येत नाहीत.

केंद्रावरच्या शीनाला ती फोन लावते.
"नाव विचारत नाही. तारीख चुकवतं का कुणी?"
शीना थोडा वेळ गप्प.
मागे किटली शिटी घालते, कुणीतरी खोकते.
"इस्पितळात एखादा दिवस सरकवतात बरेच जण.
जुन्या पत्त्याची फाइल उघडू नये म्हणून.
तिथे आई राहते.
इथे खरी सांगतात. त्या दिवशी मी केक ठेवते ना."

इशबेल पेन्सिलीने दोन ओळींना एक कंस घालते.
चोवीस जण निघून जातात,
कुणाचीही खुर्ची वाजत नाही.

अहवालात ती लिहील: कमीत कमी इतके,
जास्तीत जास्त तितके.
नगरपालिकेला एकच आकडा हवा असतो,
तो कुणीतरी मधून उचलेलच.

दिवा मालवून ती दारापर्यंत जाते,
परत येते, दिवा लावते,
नव्या वर्षाच्या कॅलेंडरात मार्च काढते.
चौदा तारखेवर काही लिहीत नाही.
नुसता वार बघते.
शनिवार.