धुरा

उकंडाकाका विचारतात,
"काहून वं, इतक्या लवकर सुट्टी?"
मी म्हणते, चौकशी चालू आहे जरा.
ते पुढं काही विचारत नाहीत.
गड्याला हाक मारतात :
पोरीची बाज अंगनात टाक,
तिले आभाय पाहू दे.

येवतीवरून रात्रभर विमानं जातात.
लहानपणी वाटायचं, ती आम्हाला बघायला येतात.
आता माहीत आहे :
दिल्लीहून दक्षिणेला उतरणारी वाट
आणि मुंबईहून पूर्वेला जाणारी वाट
आमच्या कोठ्यावर, कुटाराच्या ढिगावर
एकमेकींना छेदतात.
चौफुली आहे वर.
पाटी नाही, पानठेला नाही.

बाबा कपाशीसाठी फुली पाडायचे.
उभं तास, आडवं तास.
रेघ रेघेला भेटेल तिथंच सरकी टोबायची,
दोन दाणे,
मी त्यांच्या मागं अनवाणी.
नोकरीत शिकवलं ते नेमकं उलटं :
रेघा भेटतात तिथं दोन दाणे
एका वेळी कधीच नको.
खाली-वर हजार फूट,
नाहीतर आजूबाजूला पाच मैल, तेही दर्यावरचे,
जमिनीवरच्या मैलापेक्षा लांब.

त्या रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.
मी म्हटलं, तीन-तीन-शून्यला थांबा.
त्यानं परत म्हणून दाखवलं, तीन-चार-शून्य.
टेपवर अगदी स्वच्छ आहे.
साहेबांनी तीनदा ऐकवलं,
तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.
माझ्या कानानं तेव्हा
मी बोललेलंच ऐकलं.
चहाही झाला होता, झोपही नव्हती.
सांगायला कारण नाही.

मग पडद्यावर दोन नावं एकमेकांवर चढली,
अक्षरात अक्षर गुंतलं, दोन्ही लाल.
वरच्या दोन यंत्रांनी आपसात ठरवून टाकलं :
तू वर जा, मी खाली जातो.
अशा वेळी आमच्यासाठी नियम आहे, गप्प बसायचं.
अकरा सेकंद मी गप्प बसले.
टेपवर त्या अकरा सेकंदांत
फक्त पंख्याचा आवाज आहे
आणि शेजारच्या टेबलावर कोणीतरी पेन ठेवल्याचा.

तीनशे फूट उरले.
कोणाची झोप मोडली नाही.
एखाद्याच्या ग्लासातलं पाणी हललं असेल,
त्याला वाटलं असेल, ढग.

सकाळी मी चालून पाहिलं.
आमच्या विहिरीपासून
पुंडलिक ढोकांच्या बाभळीपर्यंत
एकशे सव्वीस पावलं.
मधे तूर, मधे धुरा.
धुऱ्यावर तरोटा, दोन बोरी,
आणि मोजणीवाल्यानं ठोकलेला दगड,
जो दरवर्षी वखरणीनंतर
आमच्याकडे थोडा सरकलेला असतो.
काका दगडावर पाय ठेवून म्हणतात,
"इथं काही पिकत नाही ना,
म्हून कोनाले राखाव नाही वाटत.
हातभर मातीसाठी
सतरा वर्सं झाली, पुंडलिक बोलत नाही माह्याशी."
मग जरा थांबून,
"तुह्या त्या धुऱ्यावर दगड कोन ठोकते?"
मी म्हणते, मीच. तोंडानं.
"अन् तो सरकला?"
मी तुरीची एक शेंग तोडते.
दाणे अजून भरलेले नाहीत.

आज रात्री पुन्हा दोन दिवे,
एक उत्तरेकडून, एक पश्चिमेकडून,
कोठ्याच्या आढ्यावर जवळ येतायत.
मला माहीत आहे, मधे हजार फूट आहेत.
खालून सगळंच एकमेकांवर दिसतं.
तरी मी बाजेवर उठून बसते,
मोजते,
सात, आठ,
दिवा दिव्यात शिरतो,
नऊ,
"परत सांगा," माझ्या तोंडून निघून जातं,
आणि शेजारच्या बाजेवरून
झोपेतले काका विचारतात,
"आं? काय म्हन्लं?"