अडीच तारे

शुक्रवारी पाच अल्बम. प्रत्येकी ऐंशी शब्द.
हलच्या गोदीवर धुकं, डेस्मंड एकरच्या टेबलावर
कालचा थंड चहा.

रॅपवाल्या पोराला चार तारे:
राग खरा, यमकं उसनी.
मेटलच्या टोळीला दोन: नुसती भांडी आपटलीत.
कंट्रीवाल्या बाईला तीन, कारण
तिच्या गाण्यातला घोडा तरी जिवंत वाटला.
चौथ्याला त्यानं जांभईच दिली.

उरली व्हेरिटी स्केल्टन. गावचीच.
दिवसा मासळीबाजारात बर्फ फोडते.
एकदाच ऐकलं, टाइप केलं:
‘गळा चांगला, गाणी अळणी. भट्टी जमली नाही.’
अडीच तारे.
वरचा अर्धा का, त्यालाही सांगता येईना.

मंगळवारी दाढी करताना
ओठांवर काहीतरी घोळत होतं.
ब्लेड गालावरच थांबलं.
तिचं सातवं गाणं. तेच,
ज्यावर त्यानं एक शब्दही खर्चला नव्हता.

अंक केव्हाच छापून गेला होता.

तो बर्फाच्या टेबलापुढे रांगेत उभा राहिला.
‘काय देऊ?’ तिनं विचारलं.
हॅडॉक, तो म्हणाला. अर्धा पौंड.
तिनं तोललं,
मग वर एक तुकडा टाकला,
काट्याकडे न बघता.