नऊ मीटर मांजरपाट

"भूत पाहिजे. तीन. शुक्रवारपर्यंत,"
ती म्हणाली, काउंटरवर पिशवी ठेवत,
जसं बाकीच्या म्हणतात,
मास्तर, ब्लाऊज, अस्तराचे, दिवाळीच्या आत.

औंधात, परिहार चौकामागच्या गल्लीत
माझं दुकान, सहा बाय नऊ.
भुताचं गिऱ्हाईक पहिलंच.

ऑर्ला तिचं नाव. आयर्लंडची.
नवरा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात,
पोरगा फिन, सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले,
आणि सोसायटीच्या हॉलमध्ये एकतीस तारखेला पार्टी.
तयार मिळतात की, मी म्हटलं,
प्लास्टिकची, बॅटरीवाली, ओरडतातसुद्धा.
तिनं मान हलवली, आपल्यासारखीच, आडवी.
तिची आई घरी करायची, हातानं.
तिकडं या दिवसांत पाचलाच अंधारतं,
आणि भोपळा नाही, सलगम कोरायचे,
इतके टणक की चमचा वाकायचा.
मंडईत तिला सलगम मिळेना,
भाजीवालीनं नवलकोल दिला, वर कोथिंबीर फुकट.

पिशवीतून एकेक निघालं.
जुन्या बाजारातल्या मोडक्या छत्र्या, पाच:
ही वटवाघळं.
रद्दीच्या सुरळ्या, मैद्याच्या खळीनं चिकटवलेल्या:
ही हाडं.
खळ पातळ झालीय, मी म्हटलं,
चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर हाडांना झुरळं लागतील,
आणि पोरांना चाटू देऊ नका.

टेप काढली, आणि थांबलो.
भुताचा खांदा कुठं धरायचा?
बाही नाही, गळा नाही.
उंची जमिनीपर्यंत, पाय दिसायला नकोत, ती म्हणाली.
आमच्या भुतांचे दिसतात, मी म्हटलं, उलटे असतात.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
फिननं लगेच चपला उलट्या घालून बघितल्या
आणि पडला.

कापड? स्वस्त, पांढरं, जाडसर.
म्हणजे मांजरपाट.
माझ्याच तोंडून गेलं ते, आणि गप्प झालो.
मागच्या वेळी मांजरपाट आणला
तेव्हा शिवायचा नव्हता.
टर्रकन फाडला होता, हणमंतासाठी.
एकोणीस वर्षं माझ्याकडे काजंबटणाला होता,
पायरीवर बसायचा, उजेडाकडे तोंड करून.
"मशीन भोक पाडतं, मास्तर. काज करावं लागतं."

हे तिला सांगितलं नाही.
पॉपलीन सुचवलं, तिच्या हिशोबात बसेना.
लक्ष्मी रोडला गेलो, नऊ मीटर मांजरपाट मागितला.
दुकानदारानं आधी माझं तोंड पाहिलं,
आवाज उतरवून विचारलं, कोण?
कोणी नाही, म्हटलं. पार्टी आहे.

गुरुवारी रात्री ब्लाऊज बाजूला सारून
भुतांच्या कडा दुमडल्या, डबल टीप मारली.
कडेला शिवण पडली
की ते कापड मेलेल्याचं राहत नाही,
हे मी माझ्यापुरतं ठरवलं.
मग डोळे. खडूचे दोन गोल, कात्रीचं टोक,
आणि लगेच सुतं सुटायला लागली.
मशीन बंद केलं.
सुई घेऊन पायरीवर बसलो,
रस्त्यावरच्या दिव्याकडे तोंड करून.
सहा डोळे. सहा काजं.
पाचवं बरं जमलं.

सोमवारी फिन आला, भूत खांद्यावर टाकून.
कड उसवलेली, पोटावर चॉकलेट,
एक कोपरा नवलकोलातल्या मेणबत्तीनं करपलेला.
डोळे बघितले आधी. एक सूत हललेलं नाही.
मागून ऑर्ला: पुढच्या वर्षी उंच होईल हा, मास्तर.

पावती फाडली. भूत, एक, दुरुस्ती, तीस रुपये.
दोन इंच कड आत दुमडून ठेवलीय,
भूत वाढेल तशी सोडायला.