स्टूल

मखमलाबाद नाक्यावर, डॉक्टर बोरस्त्यांच्या समोर माझं दुकान.
मध्ये एक रस्ता, एक उघडं गटार
आणि एकोणीस वर्षांचं त्यांचं अक्षर.
ते वाचणारी पंचवटीत मी एकटीच.
एकदा त्यांच्या बायकोनं, त्यांनीच लिहिलेली
वाणसामानाची यादी माझ्याकडे धाडली होती,
'हिंग आहे की हळद, तेवढं सांगा' म्हणून.

सकाळी दहालाच नंबर पासष्ट.
त्यांची पायरी भरली की माणसं माझ्या पायरीवर.
म्हसरूळच्या ठकूबाई पिंगळे,
पदर डोक्यावर, पिशवीत भाकरी:
'नुसतं परेशर बघायचं बाई. त्याला तीन तास?'
मी काय बोलणार?
माझं काम कात्रीचं. पट्टी कापायची,
दहाच्या जागी चार गोळ्या,
सुट्टे नसले की पाचवी लिमलेटची.

मागे भिंतीवर परवाना, काचेत.
त्यातला माझा फोटो बावीस वर्षांचा, दोन वेण्यांचा.
सासरे रोज त्याला उदबत्ती ओवाळतात.
वाचला कुणीच नाही.

मग श्रावणात तांबट आळीतले गजाननकाका आले.
हंड्यावर ठोका चुकतोय म्हणाले,
मान वर केली की दुकान फिरतं.
वय झालं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.
खिशातून दोन पट्ट्या काढल्या:
एक समोरची, एक मोठ्या हॉस्पिटलातली.
नावं दोन, रंग दोन, कंपन्या दोन,
पाठीमागे बारीक अक्षरात औषध एकच.
पाच आठवडे माणूस दुप्पट खात होता
आणि दोन्हींवर माझ्याच कात्रीचा काप.

मी रस्ता ओलांडला.
'ओ मॅडम, नंबर?' रांग ओरडली.
डॉक्टरांनी पट्ट्या उलट्या केल्या, चष्मा काढला.
सहासष्टावा दारात तसाच उभा.
'अहिरराव, हे तुम्ही रोज बघाल का?'
एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर स्टूल घेऊन आला,
लाल रंगात 'बोरस्ते' लिहिलेलं.
वर पाऱ्याचं मशीन, जुना स्टेथो
आणि एक चिठ्ठी, चक्क सुवाच्य:
'प्रेशर, साखर, चालू गोळ्यांची उजळणी – समोर.
आकडा बिघडला तर लगेच माझ्याकडे.'

गल्लीला कळायला वेळ लागला.
'स्टूल आता मेडिकलमध्ये' एवढंच ऐकून
एक जण झाकणाची डबी घेऊन आला.
पलीकडच्या केमिस्टनं विचारलं, यात सुटतं किती?
मी वही दाखवली. वहीत आकडे होते, पैसे नव्हते.
फवारणीवरून आलेल्या पोराचे लाल डोळे पाहिले,
त्याला तसाच हाताला धरून रस्त्यापार नेला.
रात्री शटर ओढताना कधी कधी हात थांबतो:
नव्वद की शंभर, नीट ऐकलं ना मी?
पूर्वी चुकलं असतं तर
अक्षरावर ढकलता आलं असतं.

काल ठकूबाई स्टुलावर बसल्या.
एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
गोळी तीच, म्हटलं. झालं.
'झालं?'
दंडावरची बाही तशीच वर.
'मी तर सुनेला दुपार सांगून आले गं.'
मग त्यांनी पिशवीतलं फडकं सोडलं,
काउंटरच्या काचेवर,
खोकल्याच्या बाटल्यांच्या बरोबर डोक्यावर पसरलं,
आणि भाकरी मोडली.
'अर्धी घे.'