विळा अडखळतो तिथे

वोय्काच्या कुरणात विळा जपून चालवावा लागतो.
लांब दांड्याचा, तिच्या बापाचा.
मध्येच ठण्ण होतं,
ती थांबते, वाकते,
बटाटा उपटावा तसा लोखंडाचा तुकडा उपटते
आणि एप्रनच्या खिशात टाकते.
शंभर वर्षं झाली, अजून सरत नाही.
"मेंढ्या काय वितील," म्हणते, "ही माती वर्षाला दोनदा विते."

आमच्या परसात टोमॅटोच्या वेली
खंदकातल्या काटेरी तारांच्या खुंट्यांवर चढतात.
लहानपणी मला वाटायचं,
सगळ्या जगात तशाच चढतात.

आज मी सावेरिओला वर घेऊन आलो. कालाब्रियाचा,
समुद्राकाठचा माणूस, चढणीनं दम लागलेला.
पणजोबांचा एक फोटो जवळ, मागे पेन्सिलनं
नुसता उंचीचा आकडा: १३७६.
वोय्कानं बोट दाखवलं.
"तिकडे. माझ्या गाई पाणी पितात तो खड्डा."

तो काठावर उभा राहिला.
काहीतरी दिसेल म्हणून पाहत राहिला.
पाण्यात एक गाय होती, आणि ढग.

खिशातला तुकडा त्यानं हातात घेतला.
"आमचा की तुमचा?"
वोय्का हसली नाही.
"माझा आजोबा वरच्या खंदकात, बादशहाच्या चाकरीत.
तुझा खालच्या. मध्ये हे गवत.
मग तुमचं राज्य आलं.
मास्तरनं माझ्या आईला सोळा छड्या मारल्या,
पावाला आमच्या भाषेत पाव म्हणाली म्हणून.
हे तुझ्या भाषेत सांगतेय बघ,
ती त्याच छड्यांनी घरात आली."

मी दुधाच्या कॅनवर बसलो होतो.
उठून जावं असं वाटलं, गेलो नाही.
खाली सोचा नदी, खोटी वाटावी इतकी हिरवी.

सावेरिओनं टोपी काढली, परत घातली.
माफी मागेल असं वाटलं.
त्यानं विचारलं,
"काय म्हणाली होती ती? तो शब्द?"

"क्रुह."
"क्रू."
"ह. शेवटी ह आहे. श्वास सोड."

दम तर त्याला लागलेलाच होता.
दुसऱ्यांदाही चुकला.
तिसऱ्यांदा आला.

तेव्हा तिनं विळा कुंपणाला टेकवला,
एप्रनला हात पुसले
आणि पाव कापायला घेतला.