शोधत आहे

बाहुबली मगदूमच्या दुकानात, राजारामपुरीत,
काचेवर तीन डब्या मांडलेल्या.
एक काडेपेटीएवढी, पाठीला लोहचुंबक, लांब वायर.
एक साबणाच्या वडीसारखी, तिला वायरच नाही.
तिसरी महागडी, खोक्यातून काढतानाही त्यानं हात पुसले.
"आभाळातला एक उपग्रह सोडत नाही बघा ही."
मी म्हटलं, आभाळाचं काय घेऊन बसलाय,
मला गगनबावड्याच्या अंगाचा वरचा धनगरवाडा पाहिजे,
रात्री दोनला, म्हैस अडलेली असताना.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी माझ्याकडे.
लॅपटॉप डॉक्टर सुनेत्रा खोतांचा,
बटणांच्या फटीत लसीच्या बाटल्यांचा चुरा,
'ळ' दाबला की दोनदा उमटतो.

तिन्ही डब्या टपावर ठेवून रंकाळ्याला फेऱ्या मारल्या.
काडेपेटीनं आम्हाला संध्यामठापाशी पाण्यात उभं केलं,
बिनवायरीची शालिनी पॅलेसच्या आधीच झोपली,
महागडीची एक चूक निघाली नाही,
फक्त तिच्या किमतीत
अख्ख्या तालुक्याची लाळ्या-खुरकुताची लस बसत होती.
"वीस मीटरचा फरक पडेल हिच्यात,"
मगदूम काडेपेटीकडं बोट करून म्हणाला.
डॉक्टर म्हणाल्या, "पडू दे.
अडलेली म्हैस वीस मीटरवरून ऐकू येते."

नकाशाचं मात्र आठवडाभर ठरेना.
पहिला देखणा, त्यातली बाई गोड बोलायची,
कळ्याच्या पुढं रेंज गेली
आणि बाईसकट सगळा मुलूख राखाडी झाला.
दुसऱ्याचा बाण झाडीत शिरला तरी थांबेना,
सिग्नल नाही, रस्ता नाही,
हा आपला पुढं पुढं, निवडून आल्यासारखा.
तिसरा कुरूप. अक्षरं वाकडी, वेलांट्या सुटलेल्या,
पण सगळे रस्ते पोटात भरून घेतलेला.
वाट हरवली की बाण जागच्या जागी थांबायचा
आणि खाली एक ओळ यायची:
शोधत आहे.
"हाच," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारनं लोखंडी बैठक करून दिली,
खाली पंपाच्या वॉशरचे चार रबरी पाय.
"खड्डे तुमचे, हादरे माझे," म्हणाला,
आणि मजुरी सांगताना जरा हादराच दिला.

मग ती रात्र आली.
धुकं असं की बॉनेट दिसेना.
दोन वाटा फुटत होत्या, का तीन,
बाण थांबला. शोधत आहे.
मी इंजिन बंद केलं.
पडद्याचा निळा उजेड डॉक्टरांच्या कपाळावर,
टपावर पानांचं पाणी टपटपतंय,
टपावरची ती डबी आभाळ चाचपतेय.

अकरा वर्षं मी या सीटवरून
"आलंच, डॉक्टर" म्हणत आलोय.
निम्म्या वेळा मला काही माहीत नसायचं.
मागून हातमोजे चढवल्याचा आवाज यायचा
आणि मी अंधारात कुठलंही एक वळण घ्यायचो.
एकदा त्या वळणापायी एक गाय गेली.
त्या कधी काही बोलल्या नाहीत.
मी त्या रात्री म्हणालो,
"मला पण माहीत नाही, डॉक्टर."
त्या म्हणाल्या, "मग थांबू या की."

चार उपग्रह. परत तीन. मग पाच.
बाण कुशीवर वळला तसा डावीकडं फिरला,
आणि खरंच, वीस मीटर अलीकडूनच
हंबरणं ऐकू आलं, मग बॅटरीचा उजेड.
रेडकू उलटं होतं. पहाटेपर्यंत चाललं.

बिल मांडताना ऑफिसात जनवाडकर अडून बसला,
कुठल्या खात्यात घालू हे?
इंधन आहे, दुरुस्ती आहे, औषधं आहेत,
वाट शोधण्याचं खातं नाही.
डॉक्टरांनी औषधांत घातलं.
ऑडिटला कोण काय विचारेल, माहीत नाही.