फरक स्पष्ट करा, गुण पाच

अकरा वर्षं मी सातपूरला कॉइल भरते.
चोवीस खाचा, खाचेत कागद, कागदात तार,
बासष्ट वेढे. त्रेसष्टावा पडला
तर सुपरवायझर नखानं मोजून काढतो.
बासष्टच का, हे कधी विचारलं नाही.
कणकेत मीठ किती, हे तरी कोण विचारतं.

यंदा आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.
बाकावर शेजारी ओजस बेंडकुळे,
माझ्या लेकाहून दोन वर्षांनी लहान.
उगले सर हजेरी घेताना थबकले,
"तांबट? म्हणजे तांबट आळीतल्या?"
"हो सर. सासरे हंडे ठोकायचे.
आता हंडा कोण घेतं?
तांबं घरात आहे अजून,
फक्त बारीक झालंय."
वर्ग हसला. मीपण.

तिसऱ्या आठवड्यात टेबलावर एक जुनी मोटर आली,
कुठल्याशा गाडीच्या रेडिएटर-पंख्याची.
बॅटरी लावली, फिरली. त्यात काय नवल.
मग सरांनी बॅटरी सोडवली,
त्याच दोन वायरी बल्बला जोडल्या,
आसाला पट्टा, पट्ट्याला सायकलचं चाक,
आणि म्हणाले, "फिरवा, ताई."

फिरवलं.
बल्ब पेटला.
तीच मोटर, तीच तार,
एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

"आता बल्ब काढतो. थांबू नका."
चाक एकदम हलकं, दोर तुटलेल्या रहाटासारखं.
बल्ब लावला. जड.
काढला. हलकं.
लावला. मनगटात कळ.
सर फळ्यावर कुणा परदेशी माणसाचं नाव लिहीत होते,
नियम त्याचा असेल.
मला एवढंच कळलं की उजेडाला वजन असतं
आणि ते कुणीतरी उचलत असतं.

घरी आले, ओट्यावरचा दिवा लावला
आणि बटणावरच बोट राहिलं.
एकलहऱ्याचं ते अजस्र चाक
आत्ता केसभर जड झालं का?
दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं.
ते जरा वेळ खडूच बघत राहिले.
"मोजता येणार नाही. पण झालं असणार."
तेव्हापासून मी मोरीतला दिवा
विझवल्याशिवाय हलत नाही.
लेक म्हणतो, आई कंजूष झाली.

उलटा दाब मात्र चार वेळा वाचला.
मोटर फिरते ना, ती फिरता फिरता
स्वतःचीही वीज करते,
येणाऱ्या विजेच्या अगदी विरुद्ध,
दारात उभी राहून म्हणते, बास, एवढीच ये.
म्हणून ती जळत नाही.
अडकली, थांबली, की दारात कुणी नसतं.
मग वीज धो धो आत,
आणि तार काळी.

सहामाहीला प्रश्न आला,
मोटर व जनरेटर यांतील फरक स्पष्ट करा, गुण पाच.
ओजसनं पट्टी घेऊन दोन रकाने आखले.
मी लिहिलं, यंत्र एकच आहे,
बघायचं एवढंच की कोण कुणाला फिरवतंय.
दोन गुण पडले.
सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण लहान आहे.

द्राक्षांना पाणी चालू असताना, भर जानेवारीत,
पिंपळगावहून एक मोनोब्लॉक परत आला.
खोलला तर करपलेल्या वार्निशचा वास
थेट डोळ्यांत.
कॉइलवरच्या दोऱ्याची गाठ मी लगेच ओळखली,
डावीकडून घेतलेली. लाइनवर डावखुरी मी एकटीच.
"कच्ची भरली होती," सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

अकरा वर्षांत मी त्याला उलट बोलले नव्हते.
आस दोन्ही हातांनी धरला, पिळला.
तसूभर हलेना.
"बेअरिंग जाम आहे. मोटर अडकून जळली,
भरण्यानं नाही.
वेढे मोजा."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग चष्मा लावला, खाली बसला,
आणि काळ्या तारेवर नख ठेवून
मोजायला लागला,
एक, दोन, तीन.